करंगळीची तार

१० जानेवारी १९४९, सोमवार

शरीरशास्त्र आजपासून माझ्या गळ्यात पडलं. शिकवणाऱ्या मोठ्या बाई पुण्याला गेल्या आणि डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगून टाकलं, की झुबेदा, परिचारिकांचा वर्ग आता तुझ्याकडे. नऊ मुली आहेत. एप्रिलात साताऱ्याला परीक्षा. गेल्या वर्षी सातातल्या पाच जणी ज्ञानतंतूंच्या धड्यात आपटल्या. यंदाही तेच झालं तर सांगलीचा हा वर्ग बंद करू, असं वरून पत्र आलं आहे.

मी सात वर्षं सुया दिल्या, बाळंतपणं केली, जखमा बांधल्या. फळ्यासमोर कधी उभी राहिले नाही. संध्याकाळच्या गाडीनं मिरजेला घरी येताना विश्रामबाग स्टेशन येईपर्यंत मनात एकच चाललं होतं की नाही म्हणून सांगावं. घरी अब्बांना सांगितलं. ते सतारीच्या भोपळ्याला सरस लावत होते. म्हणाले, मुली नऊ आहेत तर वही मोठी घे. म्हणून ही वही. घरातलं बोलणं आमचं दखनी, पण लिहायला मी मराठी शाळेत शिकले, तेव्हा हात मराठीतच चालतो.

१३ जानेवारी

धडा वाचून दाखवला. मुलींनी उतरवून घेतला. शालूनं तर शब्दन् शब्द पाठ म्हणून दाखवला आणि मी शाबास म्हणाले. मग विचारलं, बोटाला काटा टोचला तर हात मागं का येतो? शालू तोच धडा पुन्हा म्हणायला लागली. बाकीच्या वह्या चाळू लागल्या.

शेवटच्या बाकावरून राही म्हणाली, "बाई, ह्यो ज्ञानतंतू दिसतो कसा? म्या बकरं सोलताना पांढरी दोरी बघितलीया. ती का ही?"

मुली हसल्या. मी तिला गप्प केलं आणि आता वाईट वाटतंय, कारण ती खरंच तीच. राही कवठे महांकाळकडची. नवरा पलटणीत होता, ब्रह्मदेशात गेला तो परत आला नाही. सासऱ्यानं स्वतः इथं आणून सोडली. शाळा चौथीपर्यंत, अक्षर अक्षर लावून वाचते. ही पास होणार नाही हे मला आजच दिसतंय.

१९ जानेवारी, बुधवार

वॉर्डातली घंटा बिघडली होती. आमचे वायरमन लालासाहेब शिडीवर चढून दुरुस्त करत होते. साताऱ्याकडचे, कोरेगाव भागातले. लढाईत सिग्नल पलटणीत हवालदार होते, इटलीत तारा ओढत फिरले. मी खाली उभी राहून बघत होते. खाटेजवळचं बटण दाबलं की घंटा वाजते ती पार नर्सच्या खोलीत. मी विचारलं, घंटा वाजली नाही तर दोष बटणात, तारेत की घंटेत, हे तुम्हाला कसं कळतं?

ते म्हणाले, तेवढंच तर काम असतंय, सिस्टर.

त्यांच्याकडून टॉर्चचे दोन सेल, एक बारका दिवा, एक जुनी घंटा, दोन बटणं आणि हातभर तार मागून घेतली.

२१ जानेवारी

फळीवर दोन तारा लावल्या. एक ‘बोटाकडून मेंदूकडे’, तिच्या टोकाला दिवा. दुसरी ‘मेंदूकडून स्नायूकडे’, तिच्या टोकाला घंटा. आधी दिवा लागतो, म्हणजे मेंदूला कळलं. मग मेंदूच्या जागी बसलेली मुलगी दुसरं बटण दाबते, घंटा वाजते, म्हणजे हात हलला. मग मुलींना पाठ करून उभं केलं, एक तार गुपचूप सोडली आणि म्हटलं, कुठं तुटलंय ते शोधा.

दिवा लागत नाही पण घंटा वाजते, म्हणजे हात हलेल पण भाजलेलं कळणार नाही. दिवा लागतो पण घंटा नाही, म्हणजे कळेल पण हलणार नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी एकही उठली नाही. राहीनं पाचही वेळा बरोबर जागा दाखवली. मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण गेल्या आठवड्यात मी तिच्याबद्दल काय लिहिलं ते वर आहे.

२३ जानेवारी, रविवार

अब्बांना फळी दाखवली. त्यांना फारच गोडी लागली. म्हणाले, फळी कशाला, पुरा हात करून देतो, कोपरासकट. तुणाच्या लाकडाचा, सतारीच्या दांडीला घेतात त्याचा. आत खोबणी पाडू, त्यातून तारा नेऊ. मला पुस्तक काढायला लावलं. कोणती तार कुठून जाते, करंगळीची वेगळी का, ती कोपरात कुठं वळते, तिथं धक्का लागला तर काय होतं, तुटली तर पुन्हा जुळते का. इतके प्रश्न माझ्या मुलींनीही विचारले नाहीत. अम्मी म्हणाली, या वयात परीक्षेला बसताय का?

एवढ्या मायेनं माझ्या कामात लक्ष घालणारा बाप कुणाला मिळतो?

६ फेब्रुवारी, रविवार

हात झाला. काय सुंदर झालाय! नखांचीसुद्धा कड काढली आहे. तीन रंगांच्या तीन तारा: अंगठ्याकडची लाल, मनगट उचलणारी हिरवी, करंगळीची पिवळी. प्रत्येक बोटाच्या टोकाला बारका पितळी खिळा, तिथं टोचलं की दिवा लागतो. एकच खोड आहे, करंगळी जरा आत वाकलेली आहे. मी म्हटलं, अब्बा, ही वाकडी झाली. त्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, माझ्याच हाताकडे बघून कोरलाय.

म्हातारपणी बोटं वाकतात. राहू दे म्हटलं.

७ फेब्रुवारी

हात चादरीत गुंडाळून गाडीत नेला. चादर सुटली आणि बोटं बाहेर आली. समोरच्या बाई किंचाळून उभ्याच राहिल्या. डबाभर माणसांना मी करंगळीची तार शिकवत सांगलीपर्यंत गेले.

१६ फेब्रुवारी, बुधवार

लालासाहेबांनी भंगारातून तारायंत्राचा रिले आणला. लोहचुंबकाची बारकी पट्टी असते. इकडून कमजोर हाक आली तरी पट्टी खाली ओढली जाते आणि पुढच्या ताज्या सेलांना जोडून देते. म्हणून हाक पुढं पुन्हा पुऱ्या जोरानं जाते. पण हाक फारच कमजोर असेल तर पट्टी हलतच नाही. अर्धी घंटा कधी वाजत नाही. वाजली तर पुरी, नाहीतर नाही. मी सांगितलं की मज्जापेशी अशीच वागते.

शालूनं छान शंका काढली. मग हळू टोचलं आणि जोरात टोचलं यातला फरक मेंदूला कसा कळतो? मी बटण सावकाश दाबलं, मग भराभर. टिंग... टिंग. टिंगटिंगटिंगटिंग. राही म्हणाली, "म्हंजी त्यो वरडत न्हाई. घाईघाईनं हाका मारतोय."

पुस्तकात हे अर्ध्या पानात आहे. मला तिचंच वाक्य आवडलं.

२० फेब्रुवारी, रविवार

अब्बांनी जवारी काढायचं काम शेजारच्या गल्लीतले कारागीर हुसेनचाचा यांच्याकडे पाठवलं. जवारी म्हणजे तारा टेकतात त्या सतारीच्या घोडीचा माथा असा घासायचा की स्वर गुंजला पाहिजे. ती डोळ्यांनी होत नाही, बोटांनी होते. मिरजेत अब्बांच्या जवारीचं नाव आहे. म्हणाले, डोळे थकले. चष्म्याचं बघायला हवं.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब मागं येऊन बसले होते. तासानंतर म्हणाले, मुली खूश आहेत, पण तू त्यांना चुकीचं शिकवते आहेस. ज्ञानतंतू तार नव्हे. तारेतली वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत मुंबई गाठेल. ज्ञानतंतूतली हाक मेलगाडीच्या पाचसहापट धावते, बस्स. तार मेलेली असते, तंतू जिवंत असतो. परीक्षकानं हेच विचारलं तर?

रडू आलं. रिले, हात, सगळं गुंडाळून ठेवलं. लालासाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, सिस्टर, पलटणीत नकाशावर शिकवत्यात. नकाशा म्हंजी डोंगर न्हवं, हे पयल्या दिवशीच सांगत्यात. एवढंच.

२५ फेब्रुवारी

सांगितलं. मुलींना म्हटलं, तार हा नुसता नकाशा; विहिरीला सुरुंग लावताना वात पेटते ती कशी पुढं पुढं जाते, प्रत्येक ठिकाणची दारू स्वतःच्या जोरावर जळते, तसा ज्ञानतंतू. फक्त वात एकदा जळली की राख. तंतू क्षणभर दम घेऊन पुन्हा तयार होतो. कवठ्याच्या पोरीला सुरुंगाची वात समजावून सांगावी लागली नाही. डॉक्टरसाहेबांना दारातून मान हलवताना पाहिलं.

६ मार्च, रविवार

आज हसून पुरेवाट झाली. लाकडी हाताची एक तार सुटली होती. अब्बा शेगडीवर कथील तापवून डाग देत होते आणि माझ्याशी बोलण्यात रंगले. जळल्याचा वास आला म्हणून अम्मी आतून आली, तर अब्बांची करंगळी तापलेल्या सळईला टेकलेली! त्यांना पत्ताच नाही. मी म्हटलं, कारागिराची कातडी, गेंड्याची झालीय. अम्मीही हसली. अब्बा सगळ्यांत जास्त हसले. मी मलम लावायला हात धरला तर ओढून घेतला आणि बाही खाली केली.

१३ मार्च, रविवार

राही हाताचा सराव करायला घरी आली. अम्मीनं तिला जेवायला घातलं. मी चुलीपाशी होते, ही अंगणात अब्बांशी बोलत बसली. कापसाचा बोळा घेऊन लाकडी हातावर चाचणी कशी करायची ते त्यांना दाखवत होती. मग हट्टानं त्यांचाच हात मागितला, चाचा, डोळं मिटा म्हणाली. मला कौतुक वाटलं. पण नंतर घाईघाईनं निघाली. चहाही घेतला नाही. घरची आठवण आली असेल.

१५ मार्च, मंगळवार

काय लिहू.

तास संपल्यावर राही थांबली. दार लावलं. म्हणाली, "बाई, रागावू नगा. चाचांना करंगळीला कळत न्हाई. आन् शेजारच्या बोटाच्या निम्म्या अंगाला. पलीकडच्या निम्म्याला कळतंय. म्हंजी पिवळी तार. म्या कोपरात हात लावून बघितलं, तितं दोरीगत जाड लागतंय. हातावर फिकट चट्टा हाय. तितंबी कळत न्हाई."

मी तिला काय काय बोलले. चौथी शिकलेली तू, मला शिकवतेस, असंही बोलले. तिनं आधी मला बोलून घेऊ दिलं. शेवटी म्हणाली, माझ्या आत्याला व्हतं. लय उशिरा कळलं.

गाडीत एकेक गोष्ट जुळत गेली. शेगडी. जवारी. वाकडी करंगळी. लांब बाह्या, तेही मिरजेच्या उन्हात. नऊ मुलींना मी दोन महिने तुटलेली जागा शोधायला शिकवत होते.

१६ मार्च

सकाळी अब्बांसमोर बसले, बोळा घेतला. त्यांनी बाही स्वतःच वर केली. राहीचं सगळं बरोबर होतं, अर्ध्या बोटासकट.

चट्टा दोन वर्षांपासून आहे. त्यांना ठाऊक होतं, निदान भीती होती. महारोग हा शब्द आमच्यापैकी कुणीच उच्चारला नाही. म्हणाले, तुझी नोकरी दवाखान्यातली. बापाला हे आहे म्हटल्यावर तुला ठेवतील? आणि माझी सतार कोण मांडीवर घेईल?

मी म्हटलं, मला तरी सांगायचं.

ते म्हणाले, "हात कोरताना मी तुला इतकं विचारत होतो, बेटी, ते सगळं तुझ्या वर्गासाठी नव्हतं. कुठं तुटलंय आणि पुन्हा जुळतं का, तेवढं मला समजून घ्यायचं होतं."

मी त्यांचा हात धरून बसले. ज्या बोटाला कळत नाही तेच माझ्या मुठीत होतं.

१९ मार्च, शनिवार

डॉक्टरसाहेबांनी तपासलं. कातडीचा खरवडा घेऊन काचेवर पाहिला. जंतू दिसले नाहीत. म्हणाले, हा ज्ञानतंतूंचा प्रकार. याच्यापासून दुसऱ्याला होत नाही म्हटलं तरी चालेल. घरीच राहू दे, काम करू दे. सध्या कडू कवठाच्या तेलाच्या सुया. नव्या गोळ्या निघाल्यात, पावसाळ्यापर्यंत मिळतील. रोग थांबेल. गेलेली संवेदना मात्र परत येईलच असं सांगता येत नाही. बाकीची बोटं वाचतील, आणि ते काही थोडं नाही.

माझ्या नोकरीचं विचारलं तर त्यांनी आधी काच पुसून ठेवली. मग म्हणाले, सोमवारी वर्ग आहे ना?

२४ मार्च

राहीची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या वो बाई. तिनं कुणाला सांगितलेलं नाही. मीही नाही. परीक्षा होईपर्यंत गप्प राहावं असं ठरवलंय. मुलींच्या घरी कळलं तर नऊच्या नऊ निघून जातील. हे शहाणपण आहे की भित्रेपणा, मला कळत नाही. लाकडी हात वर्गात काढला की माझं बोलणं अडखळतं.

१ एप्रिल, शुक्रवार

मी फळ्याकडे तोंड करून होते. मुलींची कुजबुज ऐकून वळले तर दारात अब्बा. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. माझी गाडी मुद्दाम सोडून पुढच्या गाडीनं आले होते, म्हणजे घरून ठरवूनच. डॉक्टरसाहेब मागं उभे.

अब्बांनी माझ्या खुर्चीवर बसून बाही गुंडाळली. मोडक्या मराठीत म्हणाले, लाकडाचा हात मी केला, तो चांगला आहे, पण तो खोटं बोलत नाही आणि लपवतही नाही. माणूस लपवतो. साताऱ्यात तुम्हाला माणूस देतील. तेव्हा माझ्यावर शिका. मग रोगाचं नाव घेतलं. स्पष्ट, सगळ्यांसमोर. आमच्या घरात पंधरा दिवस जे कुणी घेतलं नाही ते.

पहिल्या बाकावरची रंगू उठून बाहेर गेली. बाकी कुणी हललं नाही. मला वाटलं संपलं. डॉक्टरसाहेब काही सांगायला लागले, तेवढ्यात राही पुढं आली, अब्बांसमोर खाली बसली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. बोळा फिरवू लागली. मग शालू उठली. तिच्या हातून बोळा दोनदा खाली पडला. अब्बा म्हणाले, सावकाश, पोरी, मला कुठं दुखतंय. त्यावर ती हसली आणि मग सगळ्याच रांगेत आल्या.

प्रत्येकीनं कोपरातली दोरी चाचपली. त्यांना कळलं की शिकवणाऱ्या बाईंना जे दोन महिने दिसलं नाही ते हाताला पाच मिनिटांत लागतं. मीच तसं सांगितलं.

२१ एप्रिल, सातारा

काल दिवसभर प्रवास. सातारा रोडला उतरून मोटारीनं गावात आलो. आठ मुली. रंगू आली नाही. तिच्या वडिलांचं पत्र आलं, ती आता येणार नाही. मी उत्तर लिहिलं होतं, ते गेलं की नाही कोण जाणे.

आज तोंडी परीक्षा. मी दाराबाहेर होते, ऐकू येत होतं. परीक्षकांनी राहीला विचारलं, ज्ञानतंतू म्हणजे काय? ती म्हणाली, शिकायला तार हाय, साहेब. खरा त्यो सुरुंगाच्या वातीगत जळत जातोय आन् पुन्यांदा जिता हुतोय. आत कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, एखाद्याची करंगळी आणि शेजारच्या बोटाची निम्मी बाजू बधिर आहे, तर? राही म्हणाली, "कोपर बघीन. मग पाठीवर, तोंडावर, चट्टा कुठं हाय ते बघीन. आन् त्याला म्हणीन, भिऊ नगा, लवकर आलाय."

लेखी पेपरात तिचे तीन प्रश्न राहून गेले. फार सावकाश लिहिते.

४ जून, शनिवार

निकाल. आठांत सात. राही काठावर का होईना, पास. शालू पहिली. वर्ग चालू राहणार. डॉक्टरसाहेबांनी पेढे मागवले. राहीला कवठे महांकाळचाच दवाखाना मिळाला. जायच्या आधी अब्बांना भेटायला मिरजेला आली. अब्बांनी तिच्यासाठी औषधाच्या बाटल्यांना खण असलेली लाकडी पेटी केली आहे. कामाला वेळ लागला. आता ते हातोडी मारताना करंगळीकडे सतत बघत राहतात. बोट जे सांगत नाही ते डोळ्यांकडून विचारून घेतात. जवारी काही जमत नाही. ती हुसेनचाचाच काढतात. त्याचं अब्बांना दुःख आहे आणि ते ते लपवत नाहीत.

तीन गिऱ्हाइकं तुटली. एक गवईबुवा मात्र मुद्दाम येऊन दारात बसून, अब्बांनी तार चढवलेला तंबोरा तासभर वाजवून गेले.

१८ ऑगस्ट, गुरुवार

गोळ्या सुरू होऊन महिना झाला. दर गुरुवारी अब्बा माझ्याच गाडीनं सांगलीला येतात, बाकावर बसून नंबर आला की आत जातात.

आज बाकावर त्यांच्या शेजारी तिघं अनोळखी होती. दोन गडी आणि एक बाई, पायांवर लाल धूळ, कवठ्याकडून आलेली. गड्यातल्या एकाच्या हातात राहीची चिठ्ठी. मोठाली, वेडीवाकडी अक्षरं. तिघांची नावं, प्रत्येकापुढं कुठं चट्टा आहे, कोणती तार जाड लागते, कोणत्या बोटाला अजून कळतं. खाली एवढंच, की घाबरली हायेत, कुनीतरी जवळ बसा.

चिठ्ठी घेऊन मी बाहेर आले. चहा आला होता. कोंडीबा नावाचा तो गडी पेल्याला हात लावायला धजत नव्हता. अब्बा त्याला दाखवत होते. पेला उचलायच्या आधी दुसऱ्या हाताचा अंगठा लावून तो किती तापलाय ते बघायचं. रोज रात्री जेवण झालं की उजेडात तळवे बघायचे, बायकोलाही बघायला सांगायचे. चूल, विळा, बैलाचा दोर, कुठं काय लागेल, एक एक सांगत होते. बाई तोंडावरचा पदर बाजूला करून ऐकत होती. कोंडीबानं अंगठा लावून बघितला आणि चहा प्यायला.

मी चिठ्ठी हातात धरून तिथंच उभी राहिले. तास सुरू झाल्याची घंटा झाली. यंदा वर्गात चौदा मुली आहेत. त्यांना म्हटलं, आज वह्या बाकावर ठेवा आणि आवाज न करता माझ्याबरोबर बाहेर या.